दुपारचा अर्धा तास

इतिहासाच्या व्याख्यानाला येणाऱ्या श्रोत्यांची अपेक्षा लढाया, तह आणि राज्यारोहणे यांची असते. नागपूर ही तर भोसल्यांची राजधानी. सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ साली जे घडले ते येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आज मात्र आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत ती कोणत्याही बखरीत सापडावयाची नाही. ती गोष्ट म्हणजे दुपारच्या जेवणाची सुट्टी. अवघ्या अर्ध्या तासाची ही बाब. एवढ्याशा गोष्टीला इतिहास तो काय असणार, असे कोणी म्हणेल. परंतु हा अर्धा तास कोणी आकाशातून टाकलेला नाही. तो मागावा लागला, त्यासाठी सभा भरवाव्या लागल्या, अर्जावर सह्या आणि अंगठे घ्यावे लागले, आणि तो कायद्याच्या पुस्तकात उतरावयास बरीच वर्षे लागली. मिळाल्यावर तो नीट सांभाळला गेला काय, हाही प्रश्न आहेच.

आपल्या विदर्भातील जुना कामाचा दिवस कसा होता ते प्रथम पाहू. शेतकरी तांबडे फुटताच शेतावर जाई. ऊन माथ्यावर आले की औत सोडले जाई, बैल सावलीत बांधले जात, आणि घरून आलेली शिदोरी झाडाखाली उघडली जाई. भाकर, चून आणि कांदा. बैलालाही त्या वेळी चारा-पाणी मिळे. ही सुट्टी कोणी मंजूर केलेली नव्हती, ती सूर्याने दिलेली होती. वैशाखात तर काम सकाळीच उरकावयाचे आणि दुपार सावलीत काढावयाची, हा नागपूरकडचा शहाणपणाचा रिवाज आहे. जसे ऊन वाढेल तसे काम आखडावयाचे, एवढे साधे त्याचे गणित होते. सालदाराचे आणि रोजमजुराचे हाल त्या काळी कमी होते असे आम्हास मुळीच म्हणावयाचे नाही. पण दोन प्रहरी औत थांबते, एवढे तरी सर्वांना मान्य होते.

१८६७ साली मुंबईहून आगगाडी नागपुरास पोहोचली. वऱ्हाडचा आणि या भागाचा कापूस थेट बंदरावर जाऊ लागला, आणि कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी का काढू नये, असा विचार जमशेटजी टाटांनी केला. १८७४ साली कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या, काठची दलदलीची जागा भरून काढण्यात आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीस व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल पडले. व्यवस्था पाहण्यास बेझनजी मेहता हे रेल्वेतून आलेले कर्तबगार गृहस्थ नेमले होते.

गिरणी आली आणि नागपुरात एक नवे घड्याळ आले. त्याचे नाव भोंगा. भोंग्याच्या घड्याळाचे गणित मात्र शेताच्या अगदी उलट होते. विजेचे दिवे गिरण्यांत येण्यापूर्वी काम साधारणपणे उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. नागपुरास हिवाळ्यातील लहानात लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा आणि उन्हाळ्यातील मोठ्यात मोठा सुमारे साडेतेरा तासांचा. म्हणजे ज्या महिन्यांत शेतकरी काम आखडता घेई, नेमके त्याच महिन्यांत गिरणीत काम वाढे. बाहेर नागपूरचा उन्हाळा, आत वाफेच्या यंत्राची उष्णता, आणि सूत तुटू नये म्हणून हवेत राखलेला दमटपणा! खेड्यातून आलेल्या माणसाला काम अवघड वाटले नसेल, एवढे हे न थांबणे अवघड वाटले असेल. बैल दमतो म्हणून औत सोडावे लागते. यंत्र दमत नाही. मग ते थांबवावयाचे कोणासाठी?

नागपूरचा कामगार नियमाने कामावर येत नाही, ही आरंभीच्या काळातील एक मोठी तक्रार होती. त्यावर दंडापेक्षा निराळे उपाय टाटांनी योजले. निवृत्तीवेतनाच्या निधीसारख्या सोयी या गिरणीत १८८६ सालीच सुरू झाल्या होत्या, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण याच गिरणीत पहिल्याच वर्षी, १८७७ साली, मजुरीच्या दरावरून कामगारांनी संप केला होता. हिंदुस्थानातील गिरणी कामगारांचा नोंद असलेला पहिला संप म्हणून त्याचा उल्लेख मजूर चळवळीच्या इतिहासात होतो. चांगल्या धन्याच्या कारखान्यातही काही गोष्टी धन्याच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही, हे नागपूरने पहिल्याच वर्षी दाखवून दिले.

दुपारच्या सुट्टीची मागणी मात्र प्रथम संघटितपणे पुढे आली ती मुंबईत, आणि ती करणारा पुरुष होता नारायण मेघाजी लोखंडे. लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा, १८४८ सालचा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. काही काळ ते एका गिरणीत भांडारावर होते, म्हणून गिरणीची आतील स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईहून चालविले.

त्या वेळी कायदा काय होता? १८८१ साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला होता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांहून अधिक राबवू नये आणि त्याला दिवसातून एक तास विश्रांती द्यावी, असे त्यात होते. मोठ्या माणसाच्या विश्रांतीबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. दुपारी थोडी उसंत देण्याची वहिवाट काही गिरण्यांत असे, परंतु ती वहिवाट होती, हक्क नव्हता. माल निकडीचा असला की वहिवाट मागे पडते, हे कोणत्याही काळच्या नोकरदाराला समजावून सांगावयास नको.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमले. लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात परळ येथे कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा मनात भरतो. रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. मजुरी वाढवून मागितलेली नाही, हे लक्षात घ्या. या मागण्यांतील पहिल्या तीन वेळेच्या आहेत. पोटापाण्यासाठी आलेला माणूस प्रथम काय मागतो, तर पोटात घास घालण्यापुरता वेळ!

या मागणीला विरोध केवळ गिरणीमालकांचा होता असे समजणे भोळेपणाचे ठरेल. आपल्या अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनाही हे कायदे नकोसे होते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपते, म्हणून ते कामगारांच्या कळवळ्याचे निमित्त करून आमच्या उद्योगाच्या पायात बेडी घालीत आहेत, असे ते म्हणत. हा संशय निराधार नव्हता. लँकेशायरचा स्वार्थ त्यात होताच. पण स्वार्थी माणसाच्या तोंडून निघाली म्हणून खरी गोष्ट खोटी होत नाही. मजुराची भूक ही काही मँचेस्टरने निर्माण केलेली नव्हती.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० सालच्या मराठी मुलखात स्त्रीने हजारो पुरुषांसमोर उभे राहून आपल्या कामाच्या वेळेबद्दल बोलावे, ही गोष्ट आमच्या मते कित्येक लढायांहून मोठी आहे. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आणि पुढल्याच वर्षी, १८९१ साली, कारखान्यांचा दुसरा कायदा झाला. आठवड्याची सुट्टी त्यात आली, आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान पूर्ण अर्धा तास काम बंद ठेवावे असा दंडक आला. पाळीपाळीने माणसे बदलणारे कारखाने त्यातून वगळले होते. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणून त्यांना दीड तासाची विश्रांती ठरविण्यात आली. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत गेले. त्यांच्या मृत्यूनंतर एकशे आठ वर्षांनी, २००५ साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

१८९१ च्या कायद्यातील एका शब्दाकडे आम्ही आपले लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. ‘प्रत्येक कामगारास अर्धा तास सवड द्यावी’ असे तो कायदा म्हणत नाही, तर काम बंद ठेवावे असे म्हणतो. या दोहोंत महदंतर आहे. सवड एकट्याला मिळते आणि एकट्याकडून काढूनही घेता येते. ‘जरा हे संपव, मग जेव’ असे मुकादम म्हणतो, आणि ते संपेपर्यंत भाकर वाळून जाते. काम बंद झाले म्हणजे मात्र मुकादमालाही जेवावे लागते.

इंग्लंडने हा धडा आपल्याआधी गिरवला होता. तेथे १८३३ च्या कायद्याने अल्पवयीन मजुरांना जेवणासाठी दिवसास दीड तास दिला. पण मालकांनी कोणाला सकाळी, कोणाला दुपारी अशी सुट्टी वाटून टाकली. यंत्रे चालूच, आणि कोणाचा वेळ झाला व कोणाचा नाही हे तपासनीसालाही कळेना. म्हणून १८४४ च्या कायद्याने सांगितले की जेवणाची वेळ सर्वांची एकच असावी, ती गावच्या सार्वजनिक घड्याळाप्रमाणे मोजावी, आणि जेवणाच्या वेळात कामाच्या खोलीत कोणी थांबू नये. मालकाचे घड्याळ मागेपुढे होऊ शकते, गावचे घड्याळ सर्वांना दिसते. आमच्या समजुतीप्रमाणे जेवणाच्या सुट्टीचे सारे तत्त्व या तीन गोष्टींत आले आहे: वेळ ठरलेली असावी, ती सर्वांची एक असावी, आणि कामाच्या जागेवरून उठता यावे.

जागेवरून उठण्याचे महत्त्व कापडाच्या गिरणीत अधिकच होते. कताई खात्यात हवेत कापसाची धूळ तरंगत असते. ती भाकरीवर बसते, पाण्याच्या भांड्यात पडते आणि छातीतही जाते. या धुळीने फुप्फुसाचा जो विकार होतो तो वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. आणि उठून कोठे व कोणाशेजारी बसावयाचे, हा आपल्या समाजात आणखी एक निराळा प्रश्न. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नसे, कारण धोट्यातील धागा ओठाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. एका छपराखाली बारा तास राबणारी माणसे एका पंक्तीला बसून अर्धा तास जेवू शकत नसतील, तर यंत्रयुगाने जात मोडली असे म्हणण्यात काय अर्थ?

१९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९०८ च्या कमिशनपुढे मालकांच्या बाजूने एक युक्तिवाद होत असे: येथील मजूर सलग काम करीतच नाही, तो अधूनमधून बाहेर जातो, चिलीम ओढतो, तेथेच खातो, मग त्याला आणखी विश्रांती कशाला? हा युक्तिवाद आजही निराळ्या शब्दांत ऐकू येतो. ‘चहाला तर दहादा उठतात!’ पण कारण आणि परिणाम यांची येथे उलटापालट झाली आहे. ज्याला हक्काची विश्रांती नाही तोच ती चोरून घेतो. चोरलेल्या विश्रांतीत मन निम्मे मुकादमाकडे असते, त्यामुळे ना विश्रांती होते ना काम. त्या कमिशनचे सभासद डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून प्रौढ पुरुषांच्याही तासांना मर्यादा घालावी असा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ती मर्यादा बारा तासांची ठरली. १९२२ साली ती दिवसास अकरा व आठवड्यास साठ तासांवर आली आणि मधली विश्रांती एक तासाची झाली. कामगारांच्या इच्छेने अर्ध्या तासाचीही मुभा होती.

पुढील पायरीशी नागपूरचा संबंध मोठा चमत्कारिक रीतीने आला. मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यास १९२९ साली व्हिटले कमिशन नेमले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन आपल्या नागपुरात भरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. परकीय सरकारच्या कमिशनवर बहिष्कार घालावा की त्याच्यापुढे मजुरांचे गाऱ्हाणे मांडावे, या व इतर प्रश्नांवर येथेच फूट पडली, आणि ना. म. जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. कमिशनचा अहवाल १९३१ साली आला आणि १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दिवसास दहा व आठवड्यास चौपन्न तासांची मर्यादा घातली. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मध्यवर्ती सरकारात मजूर खाते सांभाळीत होते. १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला.

स्वतंत्र भारताने १९४८ साली केलेल्या कारखाना कायद्यात या साऱ्या खटपटीचे सार उतरले. पाच तासांहून अधिक सलग काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती, हे कायद्याच्या कलमातच लिहिले गेले. दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे पिण्याच्या पाण्याची सोय असलेली जेवणाची खोली, अडीचशेहून अधिक असतील तेथे उपाहारगृह. आणि जेथे जेवणाची खोली आहे तेथे कामाच्या खोलीत कोणी खाऊ नये, असेही त्यात होते. १८४४ चे इंग्लंड आणि १८८४ चे परळ यांची गाठ येथे पडली. दुकाने व कचेऱ्या यांसाठी मुंबई राज्याने त्याच वर्षी केलेल्या कायद्यात दुकानातील नोकरास पाच तासांनंतर एक तासाची विश्रांती होती.

येथवरची कथा चढती आहे. पुढची तशी नाही. २०१७ साली महाराष्ट्राने दुकाने व आस्थापना यांचा नवा कायदा केला. त्यात एक तासाचा अर्धा तास झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाचे काम नवावरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि विश्रांतीपूर्वीचे सलग काम पाचावरून सहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. जादा कामाचा मोबदला व मजुराची संमती या अटी त्याला जोडल्या आहेत, हे खरे. पण बारा हा आकडा १९११ च्या कायद्यातील आहे, हेही तितकेच खरे. १९४८ च्या कायद्याची जागा घेणारी नवी संहिता संसदेने २०२० साली संमत केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात दिवसाचे आठ तास कलमात आहेत, पण मधली विश्रांती किती व केव्हा हे कलमात नाही. ते सरकारने अधिसूचनेने ठरवावयाचे आहे. साडेपाच हजार सह्यांचा जो अर्धा तास कायद्याच्या मजकुरात शिरला होता तो पुन्हा दाराबाहेरच्या ओट्यावर येऊन बसला आहे. ओट्यावरूनही न्याय होऊ शकेल. पण लक्ष ठेवावे लागेल.

केवळ सरकारकडे बोट दाखवून मात्र आपली सुटका नाही. कचेरीच्या खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी पाहून आपण चिडतो. ती चीड पुष्कळदा रास्तही असते. जेवणाच्या नावाखाली टेबले तास-दीड तास रिकामी राहतात, अशा तक्रारींवरून राज्य शासनाने २०१९ साली परिपत्रक काढले आणि दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तासच सुट्टी घ्यावी असे बजावले. आम्हास हे परिपत्रक सुट्टीच्या विरुद्ध वाटत नाही, सुट्टीच्या बाजूचे वाटते. वेळ ठरलेली असेल तर नागरिकालाही केव्हा यावे ते कळते आणि कारकुनालाही मान खाली न घालता डबा उघडता येतो. सुट्टी लांबविणारा आणि सुट्टी बुडविणारा हे दोघेही तिचे सारखेच शत्रू होत.

बुडविणाऱ्यांची संख्या आज अधिक आहे. डबा टेबलावरच उघडलेला, एक हात घासावर आणि दुसरा यंत्राच्या कळांवर, असे दृश्य कोणत्याही खासगी कचेरीत पाहावे. कोणी जबरदस्ती केलेली नाही, मुकादमही दिसत नाही. फोन खिशात आहे एवढेच. पहाटे उठून तो डबा भरणाऱ्या घरच्या माणसाचा तरी हा अपमान नव्हे काय? आणि जेथे सारेच असे जेवतात तेथे जो एकटा उठून जातो तो आळशी ठरतो. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या निश्चयाने सुटणारा नाही. १८९१ च्या कायद्याचे म्हणणे हेच होते: सर्वांनी एकदम थांबावे, म्हणजे कोणालाही थांबण्याची लाज वाटणार नाही.

आणखी एक वर्ग आहे. भर मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर असताना, दुपारी एक वाजता दुचाकीवरून दुसऱ्याचे जेवण घेऊन धावणारा तरुण आपल्या रस्त्यांवर रोज दिसतो. बाहेरची कामे दुपारी टाळावीत असे आपणच उन्हाळ्यात एकमेकांना सांगतो. पण शहराची जेवणाची वेळ हीच त्याची कामाची ऐन वेळ. त्याला भोंगा नाही, मुकादम नाही आणि झाडही नाही. एम्प्रेस मिलच्या पहिल्या पिढीतील कामगारासारखाच तोही नव्या घड्याळाच्या हाती सापडला आहे, आणि त्याचा लोखंडे अजून यावयाचा आहे.

एम्प्रेस मिल आता नाही. तिच्या जागेवर त्याच नावाचा बाजारवाडा उभा आहे, आणि तेथे दिवसभर उभे राहून माल दाखविणारी मुले-मुली काम करतात. भोंगा वाजत नाही. त्यांची जेवणाची वेळ कोणती, ती सर्वांना ठाऊक आहे काय, आणि त्यांना बसावयास जागा आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्यास कायद्याचा पंडित असावे लागत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात, दवाखान्यात, बांधकामावर आणि घरकामासाठी माणसे आहेत. त्यांच्याबाबतही हेच तीन प्रश्न आपण स्वतःला विचारावेत. शेतकरी बैलासाठी औत सोडीत असे. माणसासाठी काम थांबविणे हे त्याहून अवघड नाही.